उंबऱ्याबाहेरच्या चपला

आई, आज नववा दिवस. तुमच्या चपलांचं काय करायचं ते अजून ठरत नाही.

दोन जोड आहेत. निळ्या पट्ट्यांचा रबरी जोड उंबऱ्याच्या आत, घरात घालायचा. दुसरा बाहेर, दारापुढच्या ओटल्यावर, डाव्या कोपऱ्यात. बाहेरची चप्पल आत येणार नाही आणि आतली बाहेर जाणार नाही, हा तुमचा कायदा. परवा हे म्हणाले, "कुणाला तरी देऊन टाकू." मी हो म्हटलं, पिशवी आणली, आतला जोड तिच्यात घातला, बाहेरचा उचलला आणि हात थांबला. दोन्ही एका पिशवीत कसे घालायचे? तुम्ही काय म्हणाला असता ते स्पष्ट ऐकू आलं. मला हसू आलं, आणि आतल्या खोलीत बसलेल्या नणंदबाईंना वाटलं मी रडतेय. त्या उठून आल्या. मग खरंच रडले.

तेव्हापासून स्वस्थता नाही. बसते, उठते, ओटल्यावर जाते, परत येते. लिहायला घेतलं तर चार ओळींनंतर गॅसवर काहीतरी आहे असं वाटून उठते. गॅसवर काही नसतं. सुतकाच्या घरात शेजारचे डबे येतात, कुणी काही शिजवत नाही.

भेटायला येणारे एकच गोष्ट सांगतात. तुम्ही कुठल्या गावच्या, किती वर्षांच्या, यातलं कुणाला काही पडलेलं नाही. सांगतात ते कुत्र्यांच्या पिल्लांबद्दल, आणि सगळ्यांच्या तोंडी तुम्ही 'बा'. कोपऱ्यावरच्या पटेलांची सून म्हणाली, "बा नसत्या तर आमचा टायगर जगला नसता." मागच्या सोसायटीतले एक गृहस्थ, ज्यांना मी ओळखतही नाही, ते म्हणाले, "नवं पिल्लू आणलं की आधी बांना विचारायचं, मग डॉक्टरला." अख्ख्या कारेलीबागेत नसेल, पण आपल्या तीन-चार गल्ल्यांत तुम्ही पिल्लांच्या सोवळ्याच्या मालकीण होतात. मी मान हलवते. तुमची ही ख्याती कुठून सुरू झाली ते मला एकटीलाच नीट माहीत आहे, असं मला काल दुपारपर्यंत वाटत होतं.

म्हणून हे लिहितेय. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. आता ते सांगण्यात अर्थ उरला आहे का, तेही कळेनासं झालंय.

आपलं भांडण जुनं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ग्रंथालयशास्त्राची पदवी माझ्याकडे होती आणि महिन्यातले चार दिवस मला मागच्या खोलीत चटईवर बसायचं होतं. दोन वर्षं बसले. तिसऱ्या वर्षी म्हणाले, "मी बसणार नाही." तुम्ही ओरडला नाहीत. फक्त त्या चार दिवसांत माझ्या हातचं खायचं बंद केलंत. दहीपोहे करून घेत होतात, स्वतःपुरते, आणि ओटल्यावरच्या झोपाळ्यावर बसून खात होतात, गल्लीला दिसतील असे. कमळाबेनचा, भांडी घासायला येणाऱ्या बाईचा, कानतुटका कप खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा असे. मी तो आत आणून ठेवायची, तुम्ही परत बाहेर. एक शब्द न बोलता कपाची ही येरझार कित्येक वर्षं चालली. मला तुमच्या सोवळ्याचा राग होता आई. तो अजून आहे. तुम्ही गेलात म्हणून तो खोटा झाला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मग त्या हिवाळ्यात काळी, गल्लीतली कुत्री, व्याली. गल्लीत तेव्हा नुकतं केबल आलं होतं, संध्याकाळी ओटले ओस पडायला लागले होते, आणि म्हणूनच कदाचित ती निर्धास्तपणे आपल्या पाण्याच्या टाकीमागे येऊन व्याली. चार पिल्लं. कुत्री व्याली की गल्लीतून आटा, गूळ, तूप गोळा करून तिला शिरा करून घालायचा ही इथल्या गुजराती लोकांची रीत. आपल्या रव्याचा नव्हे, गव्हाच्या आट्याचा. तुम्ही ती रीत शेजारच्या हंसाबेनकडून कधीच उचलली होती आणि सगळ्या गल्लीचा शिरा तुमच्याच कढईत व्हायचा. त्या वर्षी तुम्ही आणखी एक केलंत. टाकीच्या पुढे सात विटांची ओळ मांडलीत.

"हे काय?" मी विचारलं.

"सोयर आहे तिला. दहा दिवस विटांच्या पलीकडे कुणी जायचं नाही. पिल्लांना हात लावायचा नाही."

"कुत्रीलासुद्धा?"

"बाळंतीण ती बाळंतीण."

मी ग्रंथालयात जाऊन ही गोष्ट दक्षाला सांगितली. दक्षा माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची, शहराच्या टोकाला, छाणीला राहायची. आम्ही दोघी हसलो. तिच्या घरीही तेव्हा एक पिल्लू होतं, पांढरंशुभ्र केसाळ, त्या काळी घरोघरी दिसायचं तसलं.

चारातली तीन पिल्लं लोकांनी नेली. चौथी राहिली. अंगावर पिवळट ठिपके, म्हणून तुम्ही तिला बुंदी म्हणू लागलात. कुत्र्याला उंबरा ओलांडू न देणाऱ्या तुम्ही ओटल्यावर तिच्यासाठी पोतं अंथरलंत. मी तिला मोपेडवरून येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांकडून पहिली लस टोचून घेतली. डॉक्टर बजावून गेले होते की तीन आठवड्यांनी दुसरी, मग पुन्हा एक, आणि तोवर हिला गल्लीत सोडू नका. हे ऐकून तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू डॉक्टर तुमच्या माहेरचेच.

दुसऱ्या लसीला आठवडा राहिला होता. त्या दिवशी दक्षा कामावर आली नाही. तिचं पिल्लू ओकत होतं. सुटल्यावर मी छाणीला गेले. पिल्लू मोरीत पडलं होतं, शेपटीखाली सगळं रक्ताने भरलेलं. त्या वासाला मी अजून शब्द शोधते आहे. गंजलेलं लोखंड आणि काहीतरी सडलेलं, एकत्र. मी त्याला मांडीवर घेतलं, चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजायला गेले, ते त्याने माझ्या पदरावर ओकलं. मी पदर नळाखाली धरला, हात धुतले आणि बस पकडून घरी आले.

तुम्ही झोपाळ्यावर होतात. बुंदी धावत आली.

"थांब," तुम्ही म्हणालात. "कुठे गेली होतीस?"

"छाणीला."

"चपला तिथेच काढ. पाय धू, साडी बदल. मग शीव तिला."

मी दिवसभराची दमलेली होते. तुमच्या तोंडून 'शीव' हा शब्द मी सात वर्षं ऐकत होते. तो कुत्र्यासाठी होता की माझ्यासाठी, हे पाहायला मी थांबले नाही.

"का? मी काय विटाळलेली आहे?"

"पदराला कसला वास येतोय तुझ्या?"

"माणसांचा येतो, आई. बाहेर जाणाऱ्या माणसांचा."

आणि मी चपलांसकट ओटल्यावर चढले, बुंदीला उचललं, त्याच पदरात घेतलं. मुद्दाम घेतलं. तुमच्याकडे बघत. ती माझी हनुवटी चाटत होती आणि मला वाटत होतं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडी दोरीवर वाळत होती. तुम्ही धुतली होती. तेव्हा मी त्याचा अर्थ एवढाच लावला की माझा विटाळ तुम्हाला घरात एक रात्रही सहन झाला नाही.

पाचव्या दिवशी बुंदीने खाणं सोडलं. सकाळी पिवळं ओकली, दुपारी फेस. तुम्ही ओवा-हळद चाटवायला निघालात, मी मीठ-साखरेचं पाणी पाजायला. दोघींचंही तिच्या पोटात टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी रक्त सुरू झालं आणि ओटल्यावर तो वास आला. मी तुमच्याकडे पाहिलं नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत का, ते मला माहीत नाही. इतकी वर्षं मी हाच एक क्षण उलटसुलट करून बघतेय.

डॉक्टर आले. त्यांनी डोळे, हिरड्या पाहिल्या आणि म्हणाले, "पार्वो." मग सलाइन लावलं. बाटली टांगायला काही नव्हतं, तर तुम्ही झोपाळ्याची कडी दाखवलीत आणि खाली फरशीवर मांडी घालून बसलात, बुंदीला मांडीवर घेऊन. तुमच्या पांढऱ्या साडीवर रक्ताचे डाग पडत होते. मी म्हटलं, "आई, माझ्याकडे द्या." तुम्ही नुसता हात आडवा केलात.

डॉक्टर सांगत होते आणि मी, पुस्तकातली बाई, पहिल्यांदा ऐकत होते. या विषाणूवर मारा करणारं औषध नाही. अंगातलं पाणी भरून काढायचं, उलटी थांबवायची, बाकीचं पिल्लाच्या नशिबावर. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून तो पसरतो. चपलेच्या तळाला, कपड्याला, हाताला चिकटून येतो. माणसाला काही करत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही.

"घरातलं कुणी आजारी पिल्लाकडे जाऊन आलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

माझा 'नाही' संपायच्या आत तुम्ही म्हणालात, "मीच शिरा घातला हो डॉक्टर. पलीकडच्या गल्लीतल्या कुत्रीसाठी केला होता, त्यातला घास हिला दिला. तुपाचा. तेच बाधलं."

"शिऱ्याने फार तर पोट बिघडेल, बा. हे होणार नाही."

"तेच बाधलं," तुम्ही परत म्हणालात. मान हलवत. हट्टी म्हातारीसारख्या.

आजाराच्या चौथ्या दिवशी दुपारी बुंदी गेली. सलाइन अजून थेंब थेंब पडत होतं. तुम्ही नळी चिमटीत धरून बंद केलीत.

सगळ्या गल्लीला तुम्ही सांगत होतात, माझ्या शिऱ्याने पिल्लू गेलं. हंसाबेन म्हणायच्या, "ना रे बा, एवुं न होय. असं नसतं." तुम्ही ऐकत नव्हतात. कढई माळ्यावर गेली. पुढल्या हिवाळ्यात मागच्या गल्लीत कुत्री व्याली, तेव्हा गल्लीच्या बायका आटा घेऊन आल्या. तुम्ही दारातून म्हणालात, "माझ्या हाताला यश नाही." मी आत, पुस्तक उघडं धरून, ऐकत होते. एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. ते वाक्य मी दर हिवाळ्यात तयार करायची. बोलले नाही. मी स्वतःला समजवायची, डॉक्टरांनी सांगूनही ज्यांना पटत नाही त्यांना मी काय सांगणार? अज्ञान आहे, दुसरं काय. बघा आई, मी माझं खोटं तुमच्या अज्ञानाच्या मागे लपवलं.

आणि तुम्ही काय केलंत? डॉक्टरांना पुन्हा बोलावून घेतलंत आणि झोपाळ्यावर बसवून सगळं विचारून घेतलंत. फिनेलने हा मरतो का? नाही मरत. मग कशाने? आधी घासून स्वच्छ करायचं, मग ब्लीचिंगच्या पाण्याने. मातीत किती दिवस राहतो? महिनोनमहिने, कधी वर्षभरही. तुम्ही पोतं जाळलंत, ताटली फेकलीत, फरशी ब्लीचिंगने धुवून काढलीत. टाकीमागे वर्षभर कुणाला पिल्लू ठेवू दिलं नाहीत. घरातल्या प्रत्येकासाठी चपलांचे दोन-दोन जोड आणलेत. ज्यांच्या घरी पिल्लू येई त्यांच्या दारात तुम्ही उभ्या. कुठून आणलं? पहिली लस झाली? दुसरी कधी? तोवर रस्त्यावर नाही, पाहुण्यांच्या हातात नाही. ज्या घरात पिल्लू गेलंय तिथून आलात तर आंघोळ करून या. "सुतकाची आंघोळ समजा," असं सांगत होतात. लोक हसत होते आणि आंघोळ करत होते.

मला एक गोष्ट मात्र तुम्हाला वाचून दाखवता आली. पहिली लस होऊनही बुंदीला कसं झालं, हे तुम्हाला खुपत होतं. मी ग्रंथालयातून पशुवैद्यकाचं एक जाड पुस्तक आणलं आणि तुम्हाला मराठीत सांगितलं. पिल्लाला आईच्या दुधातून काही आठवड्यांचं संरक्षण मिळतं. ते अंगात शिल्लक असेल तर लसीलाच निकामी करतं. ते कधी ओसरेल याचा नेम नसतो, म्हणून लस पुन्हा पुन्हा, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत द्यायची. मधल्या दिवसांत पिल्लू उघड्यावर.

तुम्ही पायाने झोपाळा थांबवलात. मग म्हणालात, "म्हणजे आईचंच आडवं येतं म्हण."

मी हसले. तुम्हीही हसलात. आपण दोघी एकाच गोष्टीवर हसल्याचं मला आठवतं ते पहिलंच.

त्यानंतर काही महिन्यांनी, मी त्या चार दिवसांत देवघराबाहेर उभी होते. आपल्यात तडजोड तेवढीच होती, मी देवघरात जायचं नाही. तुमच्या हातात वाती होत्या, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. तुम्ही निरांजन माझ्यापुढे धरलंत. "घाल वात." मी म्हटलं, "आई, मला..." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "विटाळ बाईला नसतो गं, चपलेला असतो." त्याच आठवड्यात कमळाबेनचा कानतुटका कप दिसेनासा झाला. तिचा चहा आपल्या कपांतून जाऊ लागला.

'चपलेला.' मी ते वाक्य अकरा वर्षं घेऊन फिरतेय. तुम्ही डॉक्टरांचं म्हणणं सांगत होतात की माझ्याबद्दल बोलत होतात? कित्येकदा विचारावंसं वाटलं. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाही एका दुपारी तुमचे पाय चेपताना तोंडापर्यंत आलं होतं. तुम्ही म्हणालात, "बाहेरून आलीस ना? पाय धुतलेस?" मी म्हटलं, "धुतले." आणि विचारायचं राहिलं.

काल दुपारी हंसाबेन आल्या. खिचडी-कढीचा डबा घेऊन. टेकल्या, थोडं रडल्या, आणि मग म्हणाल्या, "वहू, तुमच्या टाकीमागे कुत्री व्याली आहे. तीन बच्चां. शिरो करायला पाहिजे. पण आता बा नाहीत, आटो-गोळ कोण देणार?"

"आई कुठून देणार?" मी म्हटलं. "बुंदी गेल्यापासून त्यांनी शिऱ्याचं नाव काढलं नाही."

"करत नव्हत्या. पण आटो, गोळ, तूप दर शियाळ्यात, थंडी पडली की मला आणून द्यायच्या. म्हणायच्या, हंसा, तुझ्या नावाने कर. वहूला बोलू नको हां."

मी म्हटलं, "पण त्या तर म्हणायच्या की शिऱ्यानेच..."

"एवुं तो ए बोलत होत्या, नुसतं तोंडाने." हंसाबेननी डोळे पुसले. "शिऱ्याने कुत्रं मरतं का? बा काय एवढ्या भोळ्या होत्या?"

आई, त्या गेल्यावर मी ओटल्यावर किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. शिऱ्याने पिल्लू मरतं असं तुम्हाला क्षणभरही वाटलं असतं, तर तुम्ही दर हिवाळ्यात कुत्र्यांसाठी शिऱ्याचा शिधा धाडला नसता. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. साडी धुताना कळलं असेल, पदराच्या वासावरून. किंवा बुंदीच्या वासावरून. माझा 'नाही' संपायच्या आत तुम्ही शिऱ्याचं नाव घेतलंत ते मला डॉक्टरांपुढे, माझ्या नवऱ्यापुढे, गल्लीपुढे उघडं पाडायचं नाही म्हणून. आणि एकदा घेतलेलं नाव निभवायचं म्हणून स्वतःचा शिरा सोडलात, चोरून दुसरीच्या हाताने करवलात.

माझ्यासमोर तरी खरं बोलायचं होतंत. मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तुम्ही मला माफ केलंत ते न सांगता केलंत. मला न सांगता केलेल्या माफीचं काय करावं ते कळत नाही. राग येतो. मग तुमचा आडवा केलेला हात आठवतो, रक्ताने भरलेल्या साडीवरचा, आणि राग कुठे ठेवायचा तेही कळत नाही.

तर आता ऐका. बुंदीचा आजार मी आणला. छाणीहून, पदराने आणि चपलेने. तुम्ही थांब म्हणालात आणि मी थांबले नाही. हे माझं राहिलेलं वाक्य. झालं बोलून.

आज सकाळी मी माळ्यावरून कढई काढली. नणंदबाई म्हणाल्या, "अगं, सुतकात गोडाचं करतेस?" मी म्हटलं, "आपल्याला नाही, बाळंतिणीला." त्या म्हणाल्या, "सुतकातलं तिला चालेल का?" मी म्हटलं, "ती स्वतः सोयरात आहे." त्यांना हसावं की रागवावं कळेना. आटा खमंग भाजला, गुळाचं पाणी घातलं, तूप तुमच्या हिशेबाने म्हणजे जरा जास्तच. एकाच भांड्यातून आधी एका कुत्रीला, मग दुसरीला असं नको, म्हणून शिरा पत्रावळीवर काढला. खाल्ल्यावर फेकून देता येईल. काल बाजारातून फिरलेली माझी चप्पल ओटल्यावर राहू दिली. साडी बदलली. पाय घोट्यापर्यंत धुतले.

यात तुम्ही जिंकलात असं समजू नका. कमळाबेनच्या कपावरचं आपलं भांडण अजून शिल्लक आहे. तो दिसेनासा झाला याने ती वर्षं पुसली जात नाहीत. त्यावर मी तुमच्याशी भांडत राहणार आहे.

सात विटा टाकीजवळच होत्या, शेवाळलेल्या. त्या ओळीत मांडल्या. कुत्री काळीसारखीच आहे, कानाजवळ पांढरी. तिने मान वर करून पाहिलं. मी पत्रावळ विटांवरून पलीकडे सरकवली आणि मागे झाले. तीन पिल्लं आहेत. एकाच्या अंगावर पिवळट ठिपके आहेत. हात पुढे झाला होता आई. परत घेतला. डॉक्टरांना फोन केलाय. सहा आठवड्यांनी ते लस टोचायला येतील.

तुमचा आतला जोड मी पिशवीतून काढून पुन्हा उंबऱ्याच्या आत ठेवलाय; बाहेरचा डाव्या कोपऱ्यातच आहे.